एका वाटीचं मंगळसूत्र

कडप्पा कापणारा माणूस आला तेव्हा आईने नुकताच कुकर लावला होता. त्याने मशीन खाली ठेवलं, ओट्यावरच्या शेगडीकडे बघितलं आणि म्हणाला, "बाई, होऊ द्या शिट्ट्या. मग कापतो." मग तो, त्याच्याबरोबर आलेला गवंडी, बाबा, आई आणि मी असे सगळे कुकरकडे बघत स्वयंपाकघरात उभे राहिलो. कुकर उतरल्यावर आईने वरणभात दोन पातेल्यांत काढला, एक पातेलं बाबांच्या हातात दिलं आणि शेगडी उचलून आपल्या बाजूला ठेवली. मग मशीन सुरू झालं. दगडाची पांढरी धूळ डब्यांवर, देवाच्या फोटोवर, आमच्या केसांवर बसली, आणि ज्या ओट्यावर मी लहानपणी बसून पोळीच्या लाट्या मोजायचे तो ओटा मधोमध दुभंगला. त्या दिवशीचा वरणभात दोन्हीकडे करकर लागला असणार. आमच्याकडे तरी लागला.

सिडकोतलं आमचं घर म्हणजे पुढे एक खोली, मागे स्वयंपाकघर, पुढच्या अंगाला व्हरांडा आणि फाटक, मागे भिंत, आणि भिंतीपलीकडे गटाराची बोळ. घर आईबाबांच्या दोघांच्या नावावर होतं. घटस्फोट समजुतीने झाला, असं कागदावर होतं. पण घर सोडायला दोघंही तयार नव्हते आणि एकमेकांचा हिस्सा घेण्याची कोणाची ऐपत नव्हती, त्यामुळे वकिलांनीच सुचवलं की उभी भिंत घाला. हे सगळं का झालं, कोणाचं चुकलं, हे मी इथे लिहिणार नाही. दोघांच्या हकिकती एकमेकींशी कधी जुळल्या नाहीत, आणि मी दोघांचीही मुलगी होते.

वाटणीची यादी मी केली. अकरावीत होते, अक्षर चांगलं होतं, आणि दोघांचा विश्वास उरलेली घरात मी तेवढी एकच व्यक्ती होते. मधे रेघ मारून डावीकडे बाबा, उजवीकडे आई. शिलाई मशीन आईचं, कारण ती मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची. रेडिओ बाबांचा. भिंतीवरचं घड्याळ कोणाचं यावर दोघंही थांबले. मग बाबा म्हणाले, "तिला दे. मला कंपनीचा भोंगा ऐकून कळते वेळ." बाबा सातपूरला पाळीवर जायचे. ते खिडकीबाहेर बघत बोलत होते. शेवटी मी स्वतःचं नाव उजवीकडे लिहून टाकलं, कोणी विचारायच्या आत. आज माझ्या फ्रिजवर, पर्समध्ये, फोनमध्ये सगळीकडे याद्या असतात, आणि घरातले हसतात. त्यांना वाटतं ही माझी हौस आहे.

यादीत नसलेली एक गोष्ट मात्र आत्या येऊन मागून गेली. बाबांची मोठी बहीण. ती चहा न घेता पाटावर बसली आणि म्हणाली, "शैला, बाकी तुझं तुला. आमच्या घरची वाटी तेवढी दे." मंगळसूत्रातल्या दोन वाट्यांपैकी एक माहेरची आणि एक सासरची असते, हे आपल्याकडे लहान मुलीलाही माहीत असतं. त्या अशा परत मागता येतात, हे मला त्या दिवशी कळलं. आईने शिवणाची कात्री घेतली आणि गळ्यातच दोरा कापला. मणी टपटप उडाले. आत्याने वाटी रुमालात बांधली आणि उठताना सवयीने म्हणाली, "येते हं." आई म्हणाली, "या." पुढे कितीतरी दिवस झाडताना काळे मणी सापडत राहिले. भिंतीपलीकडे बाबांनाही सापडत असतील. जमलेले मणी आणि माहेरची एकुलती वाटी आईने एका पुडीत बांधून तांदळाच्या डब्यात खुपसली.

भिंत चार इंची होती. पुढे व्हरांड्यात दोन दारं शेजारीशेजारी, फाटक एकच. मागे स्वयंपाकघराची खिडकी बरोब्बर मधे आली होती, म्हणून तिचं एक दार आमच्याकडे आणि एक पलीकडे गेलं. भिंत आणि चौकट यांच्यामधे बोटभर फट राहिली. त्या फटीतून आवाज यायचे. बाबांचा खोकला, त्यांचा रेडिओ, भाकरी करपल्यावर त्यांनी तवा आपटलेला. एकदा त्यांनी हळू आवाजात स्वतःलाच विचारलं, "मीठ घातलं का मी?" आई अलीकडे पीठ मळत होती. तिचे हात थांबले. त्या दिवशी जेवताना ती तीनतीनदा म्हणाली की आमटीत मीठ जास्त झालंय का बघ.

जसे त्यांचे आवाज आम्हाला येतात तसे आमचे त्यांना जात असणार, हे लक्षात आल्यावर आई हळूहळू मुकी होत गेली. बांगड्या मागे सारून हाताला रबर लावायची. मशीन बाबा पाळीवर गेले की चालवायची. खलबत्ता तिने माळ्यावर टाकला आणि लसूण कुटायच्या ऐवजी सुरीने बारीक चिरायला लागली. आमच्याकडच्या चटणीला ठेचल्याचा जो एक उग्र वास असायचा तो गेला. मी काही मोठ्याने वाचायला लागले की ती ओठांवर बोट ठेवायची. आपल्याच घरात आम्ही लपून बसल्यासारख्या राहत होतो.

आणि मग उन्हाळ्यात पलीकडे बांगड्या वाजल्या.

बाबांनी लग्न केलं होतं. देवळात, चार माणसांत. आम्हाला कोणी सांगितलं नाही, सांगायचं कारणही नव्हतं. सकाळी फोडणीचा चर्र आवाज आला, आणि तो बाबांच्या फोडणीचा नव्हता. बाबा मोहरी तडतडायची वाट बघत नसत. इथे मोहरी नीट तडतडली, मग हिंग, मग कढीपत्ता. आईने ती फोडणी शेवटपर्यंत ऐकली. मला ती बाई कधी वाईट दिसली नाही, हे लिहून ठेवायला हवं. सावळी, अबोल, आमच्याशी नजर न मिळवणारी. पण ती रोज सकाळी फाटकात रांगोळी काढायची. आणि शाळेत जायचं तर आईला ती रांगोळी ओलांडून जावं लागायचं. आई साडी वर धरून, पाय न लागू देता, एखाद्या परक्या घरातून निघाल्यासारखी बाहेर पडायची. महिनाभरात तिची पाठ वाकली. ती डबा न खाता परत आणायला लागली. एकदा मी शिळ्या भाजीचा डबा उघडला तर ती म्हणाली, "माधू, मी या फाटकातून आणखी फार दिवस जाऊ शकणार नाही. मला काहीतरी होईल."

सायखेड्याहून मामा आला. शेतावरून तसाच आलेला, पिशवीत कांदे आणि कोथिंबीर. त्याने भिंत बघितली, खिडकी बघितली, फटीत बोट घालून बघितलं आणि तोंड जवळ नेऊन म्हणाला, "काय दाजी, बरं हाय ना?" पलीकडे रेडिओ मोठा झाला. आईने त्याला हाताला धरून ओढलं.

"आक्का, चल गावाला," तो म्हणाला. "लय जागा हाय."

"जागा आहे रे. पण ती तुझ्या बायकोची आहे. आणि हिची बारावी?"

"मग मागून दार पाड ना." त्याने मागच्या भिंतीवर थाप मारली. "बोळीत निघंल. त्यांचं फाटक त्यांच्यापाशी."

"गटाराच्या बोळीतून जाऊ? मी काय चोरी केलीय, मागच्या दारानं यायला-जायला?"

मामा कांदे ओतून परत गेला. आईने ठरवलं की आपल्या हिश्शाला कुलूप लावायचं आणि भाड्याने खोली बघायची.

नाशिकमधे रिकाम्या खोल्या पुष्कळ होत्या. मी यादी केली: इंदिरानगर, जेल रोड, म्हसरूळ, पंचवटी. रविवारी आणि शाळा सुटल्यावर आम्ही फिरायचो. माणसं पहिल्यांदा चांगली बोलायची. पाणी द्यायची. मग ठरलेला प्रश्न यायचा.

"फॅमिलीच ना?"

"हो. आम्ही दोघी."

"म्हणजे तुम्ही दोघी. आणि फॅमिली?"

इंदिरानगरला एका गृहस्थांनी आईला सरळ विचारलं, "मिस्टर अधूनमधून येणार का? नाही, कोण येणार ते आम्हाला माहीत पाहिजे." जेल रोडला एक बाई खोली दाखवून, पंखा लावून दाखवून, दाराशी आल्यावर म्हणाल्या की आताच आठवलं, भाच्याला शब्द दिलाय. म्हसरूळला तर आजोबा चांगले वाटले. ते आईच्या मोकळ्या गळ्याकडे बघून हळहळले, "कशाने गेले हो?" आई म्हणाली, "गेले नाहीत. आम्ही वेगळे झालो." आजोबांचा चेहरा आमच्यादेखत बदलला. विधवेला त्यांनी खोली दिली असती, असं मला अजून वाटतं. आज मी आमच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे. ग्रुपवर दर दोन महिन्यांनी कोणीतरी लिहितं, 'फक्त फॅमिलीलाच द्यावे'. त्याखाली मी दर वेळी एकच वाक्य लिहिते, 'दोन माणसंही फॅमिली असतात.' त्यावर कोणी उत्तर देत नाही. काही जण अंगठा दाखवतात.

त्या दिवशी म्हसरूळहून परतताना निमाणीच्या स्टँडवर आई बाकावर बसली आणि उठेचना. बस आली, गेली. दुसरी आली. तिने चप्पल काढली होती, टाचेला फोड आला होता. मी समोरून मिसळ आणली, एक प्लेट, दोन पाव जास्तीचे. तिने एक घास घेतला आणि तोंडात तसाच धरून ठेवला. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसत नव्हती, म्हणून मला आधी वाटलं मिसळ तिखट आहे. कितीतरी वेळाने तिने घास गिळला आणि शिवणाच्या तासाला मुलींना विचारावं तशा कोरड्या आवाजात विचारलं, "ती पुडी तांदळाच्याच डब्यात आहे ना?"

त्याच संध्याकाळी तिने मणी ओवले. एक वाटी मधोमध बसवली, दोन्ही बाजूंनी काळे मणी. पदराआड ती एक आहे की दोन, चटकन कळत नव्हतं. आणि नवरा आम्ही वापीला पाठवला. सातपूरच्या कंपन्यांतली माणसं बदलीवर वापीला जायचीच, पेठच्या घाटातून बस होती, कोणाला संशय येण्यासारखं काही नव्हतं. "मिस्टर वापीला असतात. सुट्टी मिळेल तसे येतात." आईने हे वाक्य आरशासमोर म्हणून बघितलं. मंगळसूत्रासकट पहिल्याच ठिकाणी खोली मिळाली.

मखमलाबाद रोडवर एका बंगल्यामागे दोन खोल्या होत्या. मालकीणबाई म्हणजे सोनवणे काकू. माहेर कळवणकडचं, अंगाने भरलेल्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. काका रिटायर्ड होते आणि दिवसभर झाडांना पाणी घालायचे. काकूंनी पहिल्या दिवशी आम्हाला भगर आणि दाण्याची आमटी दिली, दुसऱ्या दिवशी दही, तिसऱ्या दिवशी आईला बसवून केसांना तेल लावलं. "नवरा लांब असला की बाई स्वतःकडे बघत नाही," त्या म्हणायच्या. आईला कोणी हात लावून किती दिवस झाले होते कोण जाणे. तेल लावताना तिचे डोळे मिटायचे. रात्री ती म्हणायची, "चांगली बाई आहे गं," आणि कूस बदलायची. जितक्या काकू चांगल्या वागत तितकी आई घाबरत गेली. वापीला पाऊस किती, तिथे जेवणाचं काय करतात, गणपतीला तरी येणार ना, या साध्या प्रश्नांची उत्तरं आम्हाला आधी बसून ठरवून ठेवावी लागायची. दोघींची उत्तरं जुळली पाहिजेत म्हणून.

गौरी आल्या तेव्हा काकूंनी आईला सवाष्ण म्हणून जेवायला सांगितलं. आईने अडचण सांगितली. बायकांची अडचण म्हटल्यावर पुढे कोणी काही विचारत नाही. सुटलो असं मला वाटलं. पण नवरात्र बसलं आणि काकू स्वतः दाराशी आल्या. त्यांच्याकडे गडावरच्या देवीचा कुळाचार, अष्टमीला सवाष्ण जेवू घातल्याशिवाय त्या स्वतः घास घेत नसत. आईने तोंड उघडायच्या आत काकू हसल्या. "गौरीला तुमची अडचण होती ना, तेव्हाच मी धरून ठेवलं होतं. दोरी एकच आहे आपली वाळत घालायची, मला सगळं कळतं, या खेपेला तुमचं आधीच आटोपलंय. अष्टमीला तुम्ही मोकळ्या. या."

त्या गेल्यावर मी आईला म्हटलं, "जा ना. जेवायचं, ओटी घ्यायची, यायचं. बाबा जिवंत आहेत. तसं बघितलं तर तू सवाष्णच आहेस."

"तसं कसं बघायचं?"

"मग अंगात ताप आहे म्हण."

"एकदा ताप म्हणेन. पुढच्या वर्षी?" ती शिवत होती. सुई थांबली नाही. "माणसाशी खोटं बोलले, ते माझं मी निस्तरेन. तिच्या देवीचं ताट का बाटवू? तिने उपास धरलाय माझ्या भरवशावर."

पण ती नाही म्हणायलाही गेली नाही. सगळी अष्टमीची सकाळ ती नुसती आतबाहेर करत होती. खोली गेली तर कुठे जायचं याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. माझ्या यादीत सगळ्या नावांवर काट मारलेली होती. दुपारी तिने ठेवणीतली साडी नेसली, एका वाटीचं मंगळसूत्र पदराआड घातलं आणि मला म्हणाली, "तूही चल."

काकूंच्या घरात पुरणाचा आणि कापराचा वास कोंडला होता. देवीपुढे नऊ दिवसांची माळ, अखंड दिवा, घटात उगवलेलं हिरवंपिवळं धान. पाटाभोवती रांगोळी, केळीच्या पानावर पुरणपोळी, कटाची आमटी, कुरडया, बटाट्याची भाजी, भजी, मधोमध तुपाची वाटी. आई पाटावर बसली. काकूंनी तिचे पाय धुतले, पुसले. हळदकुंकू लावलं. आई खाली बघत होती. मग आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मंगळसूत्राला हळदकुंकू लावायला काकूंनी तिचा पदर बाजूला केला, आणि त्यांचा हात तिथेच थांबला.

"एकच वाटी?"

आईने पदर सावरायला हात वर नेला.

"तुटली का दुसरी?" काकूंनीच विचारलं, आणि तिचं उत्तरही त्यांनीच दिलं. "सोनाराकडे दिली असेल. हो ना?"

मी दाराशी उभी होते. मनातल्या मनात मी ओरडत होते, हो म्हण. फक्त मान हलव. काकू कुंकवाचं बोट वर धरून वाट बघत होत्या. त्यांनी स्वतःच्या हाताने आईपुढे दार उघडून ठेवलं होतं, आईने फक्त आत जायचं होतं.

"नाही," आई म्हणाली. "सासरची होती. त्यांनी परत नेली. आमचा घटस्फोट झालाय. ते नाशकातच असतात, त्यांनी दुसरं लग्न केलं. वापीला कोणी नाही. माझी ओटी भरू नका."

काका बाहेर पाणी घालत होते, त्या पाण्याचा आवाज येत राहिला. काकूंचा चेहरा पांढरा पडला. घाबरल्या की त्या माहेरच्या बोलीत शिरायच्या. "आमची देवी कडक शे," त्या पुटपुटल्या. "कडक शे हो." नैवेद्य समोर, बारा वाजून गेलेले, उपाशी पोट, आणि पाटावर बसलेली बाई सवाष्ण आहे की नाही हे सांगायला जवळ कोणी नाही. त्यांनी देवीकडे बघितलं, आईकडे बघितलं. मग त्यांची नजर माझ्यावर आली.

"ही किती वर्षांची?"

"सतरावं चालू आहे," आई म्हणाली.

"कुमारिका चालते अष्टमीला. वय जरा जास्त आहे. पण लग्न व्हायचंय ना अजून." त्यांनी मला हाताला धरलं. आई पाटावरून उठायला लागली तर त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही बसा. वाढलेल्या पानावरून मी कुणाला उठवत नाही."

त्यांनी आईशेजारी दुसरा पाट मांडला. माझे पाय धुतले. आईसाठी आणलेला खण, तांदूळ, सुपारी आणि नारळ माझ्या ओढणीत घातला. वाकून मला नमस्कार केला तेव्हा मला त्यांना ढकलून द्यावंसं वाटत होतं. मग त्यांनी आम्हा दोघींना आग्रह करकरून वाढलं. आईच्या पोळीवर स्वतःच्या हाताने तूप सोडलं. आई सगळं पान स्वच्छ जेवली, न बोलता, एकेक घास खाली ढकलत. अन्नाला नाव ठेवायला जागा नव्हती. इतकी चांगली पुरणपोळी मी पुन्हा खाल्ली नाही.

हात धुवायला पाणी घालताना काकू म्हणाल्या, "महिना भरला की दुसरीकडे बघा."

"बघते."

"तुम्ही खोटं बोललात, ते मला लागलंय. तेल लावत होते मी तुम्हाला."

"खरं सांगितलं असतं तर दिली असतीत खोली?"

काकूंनी तांब्या खाली ठेवला. खरंच विचार केला. "नसती दिली," त्या म्हणाल्या. मग काकूंनी आईला हात पुसायला आपला पदर पुढे केला.

नंतरच्या दिवसांत आई बोलायची नाही. दसरा झाला. मी नव्या नावांची यादी केली, तिने ती बघितलीही नाही. ती नुसती मशीनपुढे बसून राहायची, कापड न घालता पायडल मारत. मला भीती वाटायची, शाळेतून येताना मी शेवटचं वळण पळत यायचे. एका सकाळी तिने उठून केस विंचरले आणि मला सायखेड्याला फोन लावायला सांगितला. फोनवर ती एवढंच बोलली, "गवंड्याला घेऊन ये. दार पाडायचंय. मागचं."

मामा घण घेऊनच आला. आम्ही कुलूप काढून आत गेलो तेव्हा घराला कोंदट वास येत होता आणि अर्ध्या ओट्यावर धूळ बसली होती. पलीकडे रेडिओ चालू होता. आईने आधी बोळ झाडली. खराट्याने, नंतर बादल्या ओतून. कोणाकोणाच्या घरातला कचरा, फुटक्या कुंड्या, मेलेली घूस, सगळं तिने स्वतः उचललं. शेजारच्या बायका गच्चीवरून बघत होत्या. एक म्हणाली, "शैलाताई, बोळीत कशाला हात घालता?" आई म्हणाली, "माझं अंगण आहे."

पहिला घण पडला तेव्हा पूर्ण भिंत हादरली आणि फटीतून पलीकडची माती आमच्याकडे सांडली. दुपारपर्यंत माणूस वाकून जाईल एवढं भोक झालं, संध्याकाळपर्यंत चौकट बसली. पुढचं दार गवंड्याने विटांनी बुजवून टाकलं. मी हबकून बघत होते, कारण आता त्या फाटकाशी आमचा काही संबंध उरला नव्हता, आणि गल्लीत आमच्या घराला तोंडच नव्हतं. "पोस्टमन कसा येईल?" मी विचारलं. मामा म्हणाला, "नाक धरून यील."

त्याच्यावर आई हसली. कित्येक महिन्यांनी. मग तिने मंगळसूत्र काढलं, वाटी सुटी करून माझ्या हातात दिली आणि मणी बोळीत न टाकता तुळशीच्या कुंडीतल्या मातीत दाबून टाकले. नव्या उंबऱ्यावर रांगोळी काढली. काकूंनी माझ्या ओटीत घातलेला नारळ तसाच होता. कुमारिकेच्या ओटीचा नारळ कोणी खावा याचे काय नियम असतात मला माहीत नाही, तिनेही विचारले नाहीत. तिने तो उंबऱ्याच्या कडेवर आपटला. पाणी चौकटीवर उडालं.

"माळ्यावरचा खलबत्ता काढ," ती म्हणाली.

मी काढला. या घरात येताच सवयीने हाताला चढवलेलं रबर तिने तोडून टाकलं, बांगड्या खाली आल्या. लसूण, हिरव्या मिरच्या, मीठ आणि ओल्या खोबऱ्याचे तुकडे खलात टाकले, अर्ध्या ओट्यावर, बरोबर त्या चार इंची भिंतीला लागून खल ठेवला आणि कुटायला लागली. हात उचलून, पूर्ण जोर लावून. लोखंडाचा आवाज घरभर घणघणला, खिडकीचं एकुलतं दार थरथरायला लागलं. मी सवयीने ओठांवर बोट नेलं. आईने माझ्याकडे बघितलं आणि आणखी जोरात कुटलं. ठेचलेल्या लसणाचा तो विसरलेला वास नाकात गेला.

मामा नव्या दारात बसून बिडी शोधत होता. तो थांबला आणि त्याने कान देऊन ऐकलं.

पलीकडे कोणीतरी रेडिओ हळू केला होता.